टायटॅनियमचं भांडं: सह्याद्रीत नेमकं कशासाठी?

सोंडवाट
परवा इथे कुणीतरी टायटॅनियमच्या भांड्यांची आरती ओवाळली. तीन दावे होते: हलकं, म्हणून प्रत्येक ट्रेकरच्या सॅकमध्ये हवंच, ॲल्युमिनियम म्हणजे विष, आणि 'एकदा घेतलं की सगळा स्वयंपाक त्यातच'. खाली बदामांचा पाऊस. पहिल्या दोन दाव्यांवर वाद घालता येईल. तिसरा धादांत खोटा आहे, म्हणून हे लांबण.

टायटॅनियमची घनता ४.५, ॲल्युमिनियमची २.७, स्टीलची ८ च्या आसपास. म्हणजे टायटॅनियम ॲल्युमिनियमपेक्षा जडच. भांडं हलकं होतं ते चिवट धातूचा पत्रा ०.३ ते ०.५ मिमी इतका पातळ ठेवता येतो म्हणून. घोळ तिथेच आहे. उष्णता पसरवण्यात ॲल्युमिनियम टायटॅनियमच्या जवळजवळ दहापट पुढे. छोट्या बर्नरची ज्योत तळाला मधोमध तीन-चार सेंटिमीटरवर आदळते, तेवढंच वर्तुळ रसरसतं. फोडणी घालून बघा: मधली मोहरी काळी, कडेची ढिम्म, हिंग जळून कडू. पिठलं लावलंत तर ढवळायचा हात क्षणभर थांबला की मध्ये खरपुडी. खिचडीला खाली काळा डाग आणि वर टचटचीत तांदूळ.

हिंडालियमचा टोप, वर ताटली आणि एक पकड. आठ जणांचं जेवण होतं. तीन-चार हजारांचा मग घेऊन काय करायचं, चहा?

हलकीसॅक
हो, चहाच. आणि पोहे, उपमा, सूप, शेवया. उकळत्या पाण्याचं भांडं आहे ते, कढई नव्हे. 'सगळा स्वयंपाक' हे परवाच्या त्या गृहस्थांचं वाक्य, आमच्या गळ्यात घालू नका.

'दहापट'चं तुणतुणंही अर्धवट आहे. तो फरक पडतो उष्णता आडवी पसरण्यात. खालून वर, पत्र्याच्या आरपार जायला अर्धा मिमीच अंतर आहे, तिथे धातू कोणता याने पाणी उकळायच्या वेळेत जाणवण्यासारखा फरक पडत नाही. पाणी स्वतःच फिरतं आणि उष्णता वाटून घेतं. घट्ट पदार्थ फिरत नाही, म्हणून लागतो. अर्धा लिटर पाण्याला आडोशाला सात-आठ ग्रॅम गॅस लागतो, भांडं टायटॅनियमचं असो की तुमच्या हिंडालियमचं. उघड्या कड्यावर वारा असला की याच्या दुप्पटही सहज जातो. तिथे धातूवर नव्हे, आडोसा शोधण्यावर डोकं चालवा.

आणि एकट्याचा हिशोब करा. झाकणासकट ७५० मिलीचा मग १०० ग्रॅमच्या आसपास, त्यात ११० ग्रॅमवाला छोटा गॅस कॅन बसतो, वर घडीचा बर्नर. अख्खं स्वयंपाकघर पाण्याच्या बाटलीएवढ्या जागेत.

सोंडवाट
चला, फोडणी जमत नाही हे तरी पदरात पडलं. आता आठ जणांचा हिशोब करा. सहा लिटरचा टोप किलो-सव्वा किलो धरा, माणशी दीडशे ग्रॅम. तुमच्या पद्धतीने आठ मग, आठ बर्नर, आठ कॅन. हलकं कोण?

हलकीसॅक
आठ जण असतील तर टोपच न्या, नाही कोण म्हणतंय? फक्त तो टोप आठ जणांत वाटला जात नाही, एकाच्याच पाठीवर जातो. तो कोण असतो हे प्रत्येक ग्रुपला ठाऊक आहे.

ताकपिठलं
दोघंही करपण्यावर अडलेत, म्हणून लिहिते. खिचडी टायटॅनियममध्ये होते, शिजवायची पद्धत बदलावी लागते. एकाला ६० ग्रॅम तांदूळ, ३० ग्रॅम मूगडाळ. धुऊन रुंद तोंडाच्या बाटलीत पाणी घालून शेवटच्या चढाला भिजत टाका, तासाभरात भिजतात. ११०० मिलीच्या मगमध्ये पाणी ४५० मिली, मीठ, हळद, चमचाभर तूप. तूप चवीपुरतं नाही, त्याने फेस दबतो आणि उतू जात नाही. मग दोन तृतीयांशाच्या वर भरू नका. उकळी फुटली की ज्योत विझेल-विझेल इतकी बारीक करा, तीन मिनिटं तळापासून ढवळा, बंद करा. गाडीच्या काचेला लावतात त्या चंदेरी फोमच्या पडद्याचं टोपडं शिवून घ्या, त्यात मग पंधरा मिनिटं. पुन्हा एक उकळी, पुन्हा दहा मिनिटं टोपड्यात. फोडणी घरून करून डबीत आणा, वरून ओता.

टोपड्याशिवाय हे होणार नाही. पातळ पत्रा जितक्या झटकन तापतो तितक्याच झटकन निवतो.

आणि हे इथलं गणित. कळसूबाईच्या १६४६ मीटरवर पाणी ९४-९५ अंशांना उकळतं, भात होतो. हिमालयात ४००० मीटरवर ८७ च्या आसपास, तिथे टोपडं घाला नाहीतर रजई, डाळ बोटचेपी होत नाही. तिथे कुकर.

कातळटाकं
ॲल्युमिनियम विष आहे का, यावर कुणीच बोललं नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि एफएओ यांच्या तज्ज्ञ समितीची २०११ पासूनची मर्यादा आठवड्याला शरीराच्या दर किलोमागे २ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला १२०. आंबट-खारट पदार्थ वर लेप नसलेल्या ॲल्युमिनियममध्ये थोडं ॲल्युमिनियम ओढतात हे खरं. पण त्यातला बराचसा भाग येतो पदार्थ तासन्‌तास तसाच ठेवल्याने. चिंचेची आमटी केली, लगेच वाढली, भांडं धुतलं, विषय संपला. कोकमाचं सार रात्रभर ठेवायचं असेल तर मात्र टायटॅनियम किंवा स्टील. टायटॅनियम निळं-जांभळं पडतं त्यालाही घाबरू नका, तो वरचा ऑक्साइडचा थर आहे. वाळूने खसाखसा घासा, काही होत नाही.

नाळेतला
गॅस, कॅन, टोपडं… काय चाललंय हे? तीन दगड मांडा, कारवीच्या वाळक्या काटक्या सारा, दहा मिनिटांत आधण. चुलीवर टायटॅनियम खरं तर झकास, रिकामं राहिलं तरी वितळायची भीती नाही, उलट पातळ ॲल्युमिनियम निखाऱ्यावर कोरडं पडलं की बसतं. बाहेरून मातीचा लेप द्या, काजळी धरत नाही.

रानराखण
आलात का वळणावर! कारवीच्या 'वाळक्या' काटक्या म्हणे. वाळक्या संपल्या की उभ्या कारवीला हात जातो, आणि ती सात वर्षांनी एकदा फुलते. फुलायच्या आधी तोडली की त्या झाडाचं बी पडतच नाही. हरिश्चंद्रगडावर चुली पेटवता ते अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम ३० वाचा.

नाळेतला
वाचलंय. 'अभयारण्याला धोका पोचेल अशा रीतीने' आग लावू नये, असं आहे ते. तीन दगडांत हातभर जाळ आणि नंतर वर पाणी, यात कसला धोका? खाली गावात रोज चूल पेटते, ती चालते ना?

रानराखण
गावातली चूल मातीने सारवलेल्या घरात आहे, मार्चमधल्या वाळलेल्या गवतात नाही. धोका आहे की नाही हे तुम्ही ठरवणार? निखाऱ्यावर तांब्याभर पाणी ओतलं की वरचा थर विझतो, खाली धग राहते. ढवळून, पुन्हा पाणी ओतून, राखेत उघडा हात घालता आला तरच विझलं. असं कितीजण करतात? आणि गुहांचं काय? लेण्यात चूल पेटवली की काजळी आणि तेलकट धूर छताला बसतो, तो पाण्याने निघत नाही, घासला तर दगडाचा पापुद्रा सुटतो. हजार वर्षं जुनं छत तुमच्या वांग्याच्या रश्श्यासाठी काळं करायचं?

नाळेतला
वांग्याला मध्ये आणू नका. गुहेत चूल नको, मान्य. एकदम मान्य, सत्कार करा माझा. पण रिकामे कॅन गडावर टाकणारे गॅसवालेच असतात, त्यावर चकार शब्द नाही.

रानराखण
आहे की शब्द. कॅन पूर्ण रिकामा करून, भोक पाडून, चेपून खाली आणायचा. भोक मोकळ्या हवेत, जवळपास जाळ नसताना, आणि नीट कॅन-पंचने, म्हणजे भोक पाडायच्या छोट्या अवजाराने. तुम्ही राख खाली आणता का?

पाचनईवाट
हरिश्चंद्रगडावर गावकऱ्यांच्या झापांत पिठलं-भाकरी मिळते. तिथे जेवा, चार पैसे त्यांना मिळू द्या. भांडं कशाला हवं?

हलकीसॅक
कुलंग गडावर कोण भाकरी थापून देणार? वर टाकी आहेत, माणूस नाही.

पाचनईवाट
कुलंगला जाणारे किती, आणि कुलंगच्या नावावर मग घेऊन सिंहगडला जाणारे किती?

हलकीसॅक
हे मात्र लागलं.

नवखा_४१
इतकं वाचून अजून कळलं नाही, ७५० घेऊ की ११००?

ताकपिठलं
एकटे आणि फक्त पाणी उकळणार असाल तर ७५०. खिचडी किंवा दोघं असाल तर ११००, आणि उंच-अरुंद नव्हे तर रुंद-बसकं घ्या, ज्योत कडेने वाया जात नाही आणि चमचा कोपऱ्यात पोचतो. बर्नरही रुंद तोंडाचा बघा, मधला डाग बराच कमी होतो. दुहेरी भिंतीचा मग चहा प्यायलाच, जाळावर कधीच ठेवू नका: मधली कोंडलेली हवा तापून फुगते आणि जोड फुटतो. आणि बर्नर कॅनच्या डोक्यावर बसत असेल तर वाऱ्यासाठी चारी बाजूंनी पत्रा लावू नका. एक बाजू उघडी ठेवा, मधूनमधून कॅनला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर तत्काळ बंद.

सोंडवाट
११०० चा घेतला तर किंमत आणखी चढली, वजनही. त्या पैशात स्टीलचा मग, हिंडालियमचा टोप आणि उरलेल्यात नवा बर्नर येतो.

हलकीसॅक
आणि तो टोप सॅकला बाहेर बांधून घळीत प्रत्येक दगडावर घंटा वाजवत उतरा.