पुणे विद्यापीठाच्या इमारतीचं एवढं कौतुक कशाला?

सागरमाळकर : काल एकानं पुणे विद्यापीठाच्या मुख्य इमारतीचा फोटो टाकला. खाली ओळ, 'विद्यापीठ असावं तर असं. आपलं कोल्हापूरचं बघा, नुसती सरकारी कचेरी!' तेव्हापासून डोकं फिरलंय. अहो, ती विद्यापीठासाठी बांधलेलीच नाही. मुंबईच्या गव्हर्नरला पावसाळ्यात राहायला घर पाहिजे म्हणून तेव्हाचा गव्हर्नर बार्टल फ्रिअरनं १८६४ ला पुण्याच्या गणेशखिंडीत काम काढलं. अमेरिकेतल्या युद्धामुळं आलेल्या कापसाच्या तेजीचा पैसा खुळखुळत होता. पुढच्या वर्षी ते युद्ध थांबलं, तेजी बसली, ह्यांचा मनोरा चढतोयच! काम संपलं १८७१ ला. खर्चावरून विलायतेतसुद्धा बोंब झाली. आपलं १९६२ चं शिवाजी विद्यापीठ पहिल्यापासून पोरांसाठी आहे.

वकीलसाहेब : मग आपल्या महाराजांचा न्यू पॅलेस पाडायचा काय? तोपण साहेबाचाच नकाशा, मेजर मँटचा. पै-पाहुणे आले की पहिलं तिथंच नेता. पैसा कुणाचा हे बघत बसलात तर फोटो काढायला फक्त एसटी स्टँड उरेल.

पंचगंगाकाठ : २२ जून १८९७. राणीच्या राज्याला साठ वर्षं झाली म्हणून जल्लोष ह्याच गणेशखिंडीच्या बंगल्यात. रँड तिथनं निघाला आणि गणेशखिंडीच्या रस्त्यावर चापेकरांनी गाठला. फोटोखाली हे लिहायला काय हात दुखतात?

पेन्शनर मास्तर : १९४९ ला खेरांच्या सरकारच्या काळात लाटसाहेबाचं घर पोरांच्या हवाली झालं, त्यात लाज कसली? आणि सागरमाळकर, १९६२ पर्यंत आपल्या राजाराम कॉलेजची पोरं पुण्याचीच पदवी घेत होती. माझ्या थोरल्या भावानं ती फ्रेम करून भिंतीला लावली होती. घरात देवाखालोखाल तिचा मान.

सागरमाळकर : फ्रेम राहू दे मास्तर. राहत्या घराचंच कौतुक करायचं तर शाहू महाराजांच्या बोर्डिंगांचं करा. १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. माझे आजोबा बोर्डिंगात राहून मॅट्रिक झाले. नाहीतर आम्ही आजपण गावाकडं ढोरं राखत असतो.

वकीलसाहेब : आली गाडी बोर्डिंगावर! जातवार बोर्डिंगं ती. मराठ्यांचं वेगळं, जैनांचं वेगळं. त्याचा काय अभिमान?

सागरमाळकर : कायदा वाचता, इतिहास पण वाचा की जरा. १८९६ ला सगळ्यांसाठी एकच वसतिगृह काढून बघितलं होतं महाराजांनी. तिथं एकाच जातीची पोरं भरली. मग दुसरं काय करायचं?

वकीलसाहेब : आवाज खाली. मी तुमच्या आजोबांना काही बोललो नाही.

पेन्शनर मास्तर : भांडा, भांडा. इमारत राहिली बाजूला.

उत्तरेश्वर : मी गप वाचत होतो. आमचा पणजा मिस क्लार्क बोर्डिंगात होता, १९०८ ला अस्पृश्य पोरांसाठी काढलेल्या. वकीलसाहेब, जातवार म्हणून नाक मुरडता, तर सांगा, त्या काळात दुसऱ्या कुठल्या पंगतीत त्याला पाट मांडला असता? तुमच्या घरात?

वकीलसाहेब : नसता मांडला. घ्या, कबूल. आता फ्रिअरच्या बंगल्याशी ह्याचा काय संबंध, ते सांगायचे उपकार कोण करणार हाय?