निओपेंटेनचा द्रवणांक उत्कलनांकाशी फटकून का वागतो?

प्रश्न
नमस्कार. अकरावीला शिकवताना मी पेंटेनचे तीन समघटक (अणू तेच, पण जोडणी वेगळी असे रेणू) फळ्यावर मांडले : सरळ शृंखलेचे एन-पेंटेन ३६ अंश सेल्सिअसला उकळते, एक शाखा असलेले आयसोपेंटेन सुमारे २८ अंशांना आणि निओपेंटेन ९.५ अंशांना. शाखा वाढल्या की रेणू गोटीसारखा आटोपशीर होतो, शेजारच्या रेणूला भिडायला पृष्ठभाग कमी उरतो आणि आकर्षण घटते, हे वर्गाला पटले. मग एका मुलीने द्रवणांक, म्हणजे वितळण्याची तापमाने, विचारली. एन-पेंटेन उणे १३०, आयसोपेंटेन उणे १६०, निओपेंटेन मात्र उणे १६.५! ज्याचे आकर्षण सर्वांत दुबळे त्याचेच स्फटिक सर्वांत उशिरा वितळतात, याचा उलगडा मला करता आला नाही.

उत्तर १
उकळताना रेणू एकमेकांपासून सुटतात, म्हणून तेथे मुख्यतः आकर्षण पाहावे लागते; वितळताना स्फटिकाची रचना मोडते, म्हणून रेणू त्या रचनेत किती चपखल बसतो हेही महत्त्वाचे ठरते. निओपेंटेनचा सममित रेणू नीट बसतो, आयसोपेंटेनचा वेडावाकडा रेणू बसत नाही. झायलीन या द्रावकाचे उदाहरण पाहा : मेटा आणि पॅरा समघटकांच्या उत्कलनांकांत जेमतेम एका अंशाचा फरक आहे, पण पॅरा १३ अंशांना गोठते आणि मेटा उणे ४८ ला. म्हणूनच ऊर्ध्वपातनाने न सुटणारी ही जोडी गोठवून वेगळी करता येते.

उत्तर २
'चपखल बसतो' एवढ्यावर थांबलो तर फसगत होते, कारण मग निओपेंटेन वितळवायला जास्त उष्णता लागायला हवी. प्रत्यक्षात एन-पेंटेनला मोलमागे (म्हणजे रेणूंच्या एका ठरावीक संख्येमागे) सुमारे ८,४०० ज्यूल लागतात, तर निओपेंटेनला केवळ ३,२६०. खरी गंमत अशी की, उणे १३३ अंशांच्या वर निओपेंटेनचे रेणू घन अवस्थेतच, जागा न सोडता, स्वतःभोवती फिरू लागतात. अव्यवस्था आधीच इतकी शिरलेली असल्याने वितळताना एन्ट्रॉपीत, म्हणजे अव्यवस्थेच्या मापात, फारशी भर पडत नाही : मोलमागे दर केल्विनला सुमारे १२.७ ज्यूल, एन-पेंटेनच्या बाबतीत ५८.६. उष्णतेला या वाढीने भागले की केल्विनमधला द्रवणांक मिळतो. येथे भाज्य लहान आहे खरा, पण भाजक त्याहून कितीतरी लहान आहे.

प्रश्नकर्ता
भागाकार करून पाहिला : निओपेंटेन २५७ केल्विन, एन-पेंटेन १४३. त्यांतून २७३ वजा करून सेल्सिअस काढले की दोन्ही माझ्या फळ्यावरच्या आकड्यांशी जुळतात. उद्या हे गणित त्या मुलीकडूनच फळ्यावर सोडवून घेतो.