शेतकरी बाजारातली ताजी भाजी आठवडाभर चवीने कशी खावी?

हिरवा_देठ विचारतात:

आठवड्यातून एकदा भरणाऱ्या शेतकरी बाजारातून चार माणसांची भाजी एकदम घेतो. चव अप्रतिम, त्याबद्दल प्रश्नच नाही. पण दोन-तीन दिवसांत पालक पिवळा पडतो आणि पिशवीच्या तळाशी लिबलिबीत होतो. काकडीवर पाणचट खड्डे दिसतात, भेंडी काळवंडते, गाजरं रबरासारखी वाकतात. कणसं आठवड्याच्या शेवटी उकडली तर पिठूळ लागतात.

सध्याची पद्धत अशी: घरी आल्यावर सगळी भाजी धुवायची, प्लास्टिकच्या पिशव्यांत भरून गाठ मारायची आणि फ्रीजमध्ये ठेवायची. यात नेमकं काय चुकतंय? घेताना काय बघायचं, कोणती भाजी आधी संपवायची आणि हंगामात भरपूर आली तर ती पुढच्या महिन्यांसाठी कशी ठेवायची? जाणकारांनी खुलासेवार लिहावं.

मूळ_आणि_पान:

सगळ्या भाज्यांना एकच न्याय लावलाय, गडबड तिथेच आहे. भाजी तोडली तरी जिवंत असते. तिचं श्वसन चालू असतं, साठवलेली साखर खर्च होत असते आणि पाणी उडत असतं. हा वेग किती, ते ती झाडाचा कोणता भाग आहे यावर ठरतं. पान, कोवळं बी, कोवळी शेंग यांचं श्वसन जोरात चालतं, म्हणून ती लवकर संपतात. मूळ, कंद आणि पक्का भोपळा यांत झाडाने साठाच करून ठेवलेला असतो, म्हणून ते टिकतात. ठेवायची रीतही त्याप्रमाणे बदलते.

पानांपासून सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त नासाडी तिथेच होते. घरी येताच जुडीचा दोरा सोडा. बांधलेल्या जागी देठ चिरडलेले असतात आणि सड तिथूनच सुरू होते. पिवळी, फाटकी पानं काढून टाका. एक सडकं पान शेजारच्या दहा पानांना घेऊन जातं. जुडी मलूल असेल तर मोठ्या पातेल्यात थंड पाण्यात १५-२० मिनिटं बुडवून ठेवा, पेशींत पाणी भरून पानं पुन्हा ताठ होतात. पुढचं काम कंटाळवाणं आहे, पण पालक टिकतो तो त्यावरच: पानं चाळणीत निथळू द्या, मग सुती कापडावर एका थरात पसरून पंख्याखाली अर्धा तास ठेवा. पानावरून बोट फिरवलं तर ते ओलं व्हायला नको. मग कोरड्या कापडात सैल गुंडाळून झाकणाच्या डब्यात भरा, दाबून नाही. कापड फार दमट झालं की बदला.

पानाला भोवतीची हवा दमट लागते, अंगावर पाणी चालत नाही. थेंब बसून राहिला की जिवाणूंना आयतं घर मिळतं, आणि तुमच्या गाठ मारलेल्या पिशवीत नेमकं तेच होतंय. बुडवून वाळवायला वेळ नसेल तर न धुता, नुसती निवडून कापडात ठेवलेली भाजी अर्धवट वाळवलेल्या भाजीपेक्षा जास्त टिकते. डबा फ्रीजच्या मागच्या भिंतीला टेकवू नका. तिथे पानं गोठतात आणि बाहेर काढल्यावर काचेसारखी पारदर्शक होऊन गळून जातात.

कोथिंबिरीची मुळं किंवा देठांची टोकं पेल्यात दोन बोटं पाण्यात उभी करा, वरून पिशवीची सैल टोपी घाला आणि पेला फ्रीजमध्ये ठेवा. पाणी एक दिवसाआड बदला. तुळशीच्या जातीची पानं मात्र थंडीने काळी पडतात, ती बाहेरच ठेवा.

गाजर, बीट, मुळा: पाला घरी आल्याआल्या कापा, वर साधारण २ सेंमी देठ राहू द्या. पाला जोडलेला असेपर्यंत मुळातलं पाणी ओढून हवेत सोडत राहतो, म्हणून गाजरं वाकतात. बीटाची शेपटी कापू नका, उकडताना रंग आणि रस तिथून निघून जातो. बीट-मुळ्याचा पाला पालेभाजीसारखा वेगळा ठेवून दोन दिवसांत शिजवा. वाकलेलं गाजर फेकू नका, थंड पाण्यात तासभर ठेवलं की बहुतेक वेळा पुन्हा कडक होतं.

काकडी, वांगी, भेंडी, ढोबळी मिरची ही उष्ण हवेतली पिकं, आणि घरचा फ्रीज साधारण ४ अंशांवर चालतो. १० अंशांच्या खाली काकडी आणि वांगं काही दिवस राहिलं की पेशींची आवरणं बिघडतात. काकडीवरचे पाणचट खड्डे त्याचेच. वांग्याचा गर तपकिरी होतो, बिया काळ्या पडतात. गंमत अशी की फ्रीजमध्ये असताना भाजी बरी दिसते आणि बाहेर काढल्यावर काही तासांत उतरते. या भाज्या न धुता, कागदात गुंडाळून फ्रीजच्या दारात किंवा वरच्या कप्प्यात पुढच्या बाजूला ठेवा आणि तीन दिवसांत संपवा. घरात गारवा असेल तर पहिले एक-दोन दिवस बाहेर राहिल्या तरी चालतं.

कांदे, बटाटे, लसूण फ्रीजमध्ये नकोत. बटाट्याला अंधार हवा, उजेडात तो हिरवा होतो आणि त्यात सोलानिन हा विषारी घटक वाढतो. हिरवा भाग खोलवर कापून टाका. बटाटा बराच हिरवा किंवा कडू असेल तर सरळ फेका. फ्रीजमध्ये बटाट्यातल्या पिठाची साखर होते, मग तळताना तो आतून शिजायच्या आधीच करपतो. कांदा बटाट्याजवळ ठेवू नका. बटाट्यातून निघणाऱ्या ओलाव्याने कांद्याला कोंब फुटतात आणि बुरशी लागते.

बाजार_फेरी:

वरचं सगळं पटलं. पण अर्धी लढाई पिशवी भरताना जिंकायची असते. आधी हात न लावता पूर्ण बाजार एकदा फिरा. ज्याच्याकडे चार-पाचच भाज्या आहेत, आकार लहानमोठे आहेत, देठाला माती आहे, तो बहुतेक स्वतः पिकवणारा. एकाच टेबलावर थंडीतली आणि उन्हाळ्यातली भाजी एकाच मापाची, चकचकीत मांडलेली असेल तर ती दुसरीकडून आणलेली असण्याची शक्यता जास्त.

विचारायचे प्रश्न दोनच: "कधी काढली?" आणि "पुढच्या आठवड्यात काय येतंय?" पहिल्याचं उत्तर पिकवणारा क्षणात देतो. दुसऱ्यावरून कोणत्या भाजीचा हंगाम संपत आलाय ते कळतं. शेवटच्या तोडीची फरसबी आणि भेंडी निबर निघते, तेव्हा ती कमी घ्या.

हाताला काय कळतं ते लिहितो. मटाराच्या शेंगा मुठीत घेऊन एकमेकींवर घासा, ताज्या असतील तर करकरतात. पांढुरकी, सुरकुतलेली शेंग म्हणजे आत पिठूळ दाणा. फरसबी वाकवल्यावर कट्कन मोडायला हवी. भेंडी बोटाएवढीच बरी. टोक मोडून बघायची सवय पुष्कळांना असते, पण मोडलेली भेंडी मागे ठेवून जाणं वाईट. लांबी आणि लव बघूनही अंदाज येतो, दहा सेंमीच्या पुढची बहुतेक जून असते. वांगं अंगठ्याने हलकं दाबा. खड्डा भरून आला तर कोवळं, तसाच राहिला तर आत बिया झाल्यात. एकाच आकाराच्या दोन वांग्यांत खूप जड लागणारं बियांचं असू शकतं, त्यामुळे वजनापेक्षा चकाकी आणि हिरवा देठ यांवर भरवसा ठेवा. कोबीचं मात्र उलट, जड गड्डाच घ्यायचा. भोपळ्याच्या सालीत नख रुतलं नाही आणि देठ वाळून बुचासारखा झाला असेल तरच तो महिनाभर टिकतो. देठ तुटलेला भोपळा तिथूनच सडतो.

कणसाची पानं सोलून बघू नका. सोललेलं कणीस लवकर सुकतं आणि मागे राहिलेलं कोणी घेत नाही. बाहेरून चाचपून टोकापर्यंत दाणे भरलेत का ते कळतं. वरचे केस तपकिरी पण आतून ओलसर हवेत. तुमची कणसं पिठूळ का होतात, तर तोडल्यापासून दाण्यातल्या साखरेचा स्टार्च होत जातो आणि उष्णतेत हे फार वेगाने घडतं. मटाराचंही तेच. म्हणून कणसं आणि मटार त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी खायचे.

पाळी अशी लावा: पहिले दोन दिवस कणीस, मटार, अळंबी, नाजूक पानं. मग भेंडी, फरसबी, काकडी, वांगी. फ्लॉवर मधल्या दिवसांत. कोबी, गाजर, बीट शेवटी. पिशवी भरतानाच या चार गटांतून थोडं थोडं घेतलं की आठवड्याची शिल्लक सडत नाही. आणि बाजार उरकल्यावर पिशवी तापलेल्या गाडीत ठेवून दुसरी कामं करत फिरू नका, त्या एका तासात पालकाचा जीव जातो.

बर्फ_आणि_उकळी:

साठवणीबद्दल. हंगाम ऐन भरात असतो तेव्हाच भाजी गोठवा. उरलीसुरली मलूल भाजी गोठवून ती ताजी होत नाही.

बहुतेक भाज्यांना गोठवण्याआधी उकळत्या पाण्याचा चटका द्यावा लागतो. भाजीतली एन्झाइम्स फ्रीझरमध्येही हळूहळू काम करत राहतात, त्यामुळे काही महिन्यांत रंग जातो आणि गवतासारखा वास येतो. चटक्याने ती निकामी होतात. अर्धा किलो भाजीला ४ लिटर खळखळ उकळतं पाणी घ्या. भाजी टाकल्यावर मिनिटभरात पुन्हा उकळी यायला हवी. आली नाही तर पाणी कमी पडलं किंवा भाजी जास्त झाली. वेळ त्या दुसऱ्या उकळीपासून मोजा: मटार दीड मिनिट, पालक २, फरसबी ३, फ्लॉवरचे तुरे ३, लहान अख्खी भेंडी ३. मका कणसासकट ४ मिनिटं, गार झाल्यावर दाणे कापून घ्या. वेळेत कंजुषी करू नका. अर्धवट चटक्याने एन्झाइम्स मरण्याऐवजी चेकाळतात, त्यापेक्षा चटका न दिलेला बरा.

लगेच बर्फाच्या पाण्यात, जितका वेळ उकळलं तितकाच वेळ. नंतर निथळून कापडावर पूर्ण कोरडं करा आणि ताटात एका थरात पसरून गोठवा. दाणे सुटे गोठले की पिशवीत भरा, हवा काढा, तारीख लिहा. उणे १८ अंशांवर ८ ते १२ महिने चांगली राहते. शिजवताना आधी वितळवत बसू नका, थेट गरम भांड्यात टाका.

ढोबळी मिरचीला चटका लागत नाही, चिरून तशीच गोठवा. पिकलेले टोमॅटो अख्खे गोठवा. काढल्यावर कोमट पाण्याखाली धरले की साल आपोआप सुटते. काकडी, मुळा आणि लेट्यूसच्या वाटेला जाऊ नका, वितळल्यावर नुसतं पाणी उरतं.

एक गोष्ट ठासून सांगतो: कच्चा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवू नका. तेलाखाली हवा नसते आणि बोट्युलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जिवाणू तिथेच वाढतात, वास किंवा रंग न बदलता. फ्रीजमध्ये ठेवून चार दिवसांत संपवा, नाहीतर गोठवा.

मूळ_आणि_पान:

टोमॅटो आणि इथिलीन वर राहूनच गेलं. पिकणारी फळं इथिलीन वायू सोडतात: टोमॅटो, केळी, सफरचंद, खरबूज. त्यांच्या शेजारी ठेवलेला पालक पिवळा पडतो, काकडीही पिवळी होते आणि गाजर कडवट होतं. म्हणून गाजराच्या ड्रॉवरमध्ये सफरचंद ठेवायचं नाही. ड्रॉवरला हवेची खिडकी असेल तर पानं-मुळांसाठी ती बंद आणि फळांसाठी उघडी.

टोमॅटो कधीच फ्रीजमध्ये ठेवू नये असं सरसकट सांगतात, तेवढं कडक धोरण लागत नाही. अर्धकच्चा टोमॅटो बाहेरच, देठाची बाजू खाली करून, एका थरात. थंडीत त्याचं पिकणं आणि वास तयार होणं दोन्ही थांबतं. पूर्ण पिकून मऊ पडू लागला आणि आज खायचा नसेल तर फ्रीजमध्ये दोन-तीन दिवस चालतो. खाण्याआधी काही तास बाहेर काढून ठेवा, थोडा वास परत येतो.

हिरवा_देठ:

फार उपयोग झाला, सगळ्यांचे आभार. दोन शंका राहिल्यात. भेंडी आधी धुऊन कोरडी केली तर चालेल का? आणि काही काकड्या, दुधी कडू निघतात, त्यांचं काय करायचं?

बाजार_फेरी:

भेंडी साठवताना धुवू नका, चिरायच्या वेळीच धुवा. लव असल्यामुळे पाणी धरून राहते आणि डब्यात काळी पडते. धुतल्यावर एकेक पुसून, चिरायला कोरडी सुरी घ्या. ओली भेंडी चिरली की चिकट होते.

कडूपणाचं नीट लक्षात ठेवा. काकडीत तो बहुतेक देठाकडे आणि सालीखाली असतो, पीक उन्हाने किंवा पाण्याच्या ताणाने त्रासलेलं असलं की वाढतो. देठाकडचे दोन-तीन सेंमी कापून, साल काढून बाकीची चाखा. गोड लागली तर खा. दुधी, दोडका, झुकिनी यांचा मात्र चिरतानाच कच्चा तुकडा जिभेवर ठेवून थुंका. कडू लागला तर अख्खं फळ टाकून द्या. कुकुर्बिटासिन, म्हणजे हा कडूपणा आणणारा विषारी घटक, शिजवून जात नाही, मीठ लावून पिळून जात नाही, आणि जास्त पोटात गेलं तर उलट्या-जुलाबांपासून जिवावर बेतण्यापर्यंत वेळ येते. कडू दुध्याचा रस तर घोटभरही घेऊ नका.