'हिस्टेरेसिस'ला मराठीत काय म्हणावे?

आईच्या डोळ्यांच्या तपासणीचा अहवाल तिला समजावून सांगताना एका शब्दावर अडले. काचबिंदूची शंका आहे. डोळ्यातला दाब 17, म्हणजे 10 ते 21 या नेहमीच्या मर्यादेत. तरी डॉक्टर म्हणाल्या, 'कॉर्नियल हिस्टेरेसिस' 8 आहे, म्हणून लक्ष ठेवायला हवे. मी आईला सांगितले, "बुबुळ कमजोर आहे." ती रात्रभर झोपली नाही. योग्य शब्द सुचवाल का?

प्रतिसाद १
आधी 'बुबुळ' सोडा. बोलताना आपण डोळ्याच्या काळ्या भागाला सरसकट बुबुळ म्हणतो. कॉर्निया म्हणजे त्याच्यावरचा पारदर्शक पडदा. शाळेच्या पुस्तकात त्याला 'पारपटल' म्हणतात. हिस्टेरेसिस हा शब्द मूळ ग्रीक, अर्थ मागे रेंगाळणे. चुंबकत्वाच्या संदर्भात तो भौतिकशास्त्रात रुळला. मराठी परिभाषेत 'मंदायन' वाचल्याचे आठवते. हिंदीत 'शैथिल्य' म्हणतात, पण तो इथे आणू नये. मराठी माणसाला शिथिल म्हणजे सैल पडलेले असेच वाटणार.

प्रतिसाद २
मी ही तपासणी रोज करते, म्हणून यंत्रात काय घडते ते सांगते. डोळ्यावर हवेचा हलका झोत येतो. पारपटल आत दबते, एका क्षणी सपाट होते, किंचित खोलगट होते, मग परत येताना पुन्हा सपाट होते. दोन्ही सपाट क्षणांना झोताचा दाब किती होता ते यंत्र टिपते. परतीच्या वेळचा आकडा कमी भरतो, कारण झोताची काही ऊर्जा पडद्यातच जिरलेली असते. या दोन दाबांतला फरक म्हणजे हिस्टेरेसिस. निरोगी प्रौढांत तो साधारण 10-11 मिलिमीटर पारा असतो. सगळा खेळ काही मिलिसेकंदांचा.

म्हणून 'कमजोर', 'पातळ', 'मऊ' यांतला एकही शब्द चालत नाही. जाडी वेगळी मोजतात, मायक्रॉनमध्ये. पारपटल पातळ असले तर नेहमीच्या उपकरणावर दाब खऱ्यापेक्षा कमी दिसू शकतो. लॅसिक (चष्मा घालवण्याची लेझर शस्त्रक्रिया, तीत पारपटल पातळ होते) झालेल्यांना हे मी आवर्जून सांगते. हिस्टेरेसिस म्हणजे ताठरपणाही नव्हे. तो सांगतो की धक्का किती जिरतो. हा आकडा कमी असलेल्यांत काचबिंदू पुढे सरकण्याचा धोका जास्त आढळला आहे. मात्र एकट्या त्या आकड्यावर निदान होत नाही. डोळ्याची नस आणि दृष्टिक्षेत्र (नजर स्थिर ठेवून आजूबाजूचे किती दिसते ते) पाहावेच लागते.

प्रतिसाद ३
'जिरणे' हेच क्रियापद धरा की! 'पाणी अडवा, पाणी जिरवा' गावोगावच्या भिंतींवर लिहिलेले असते. जमिनीत पाणी जिरते, तसा पडद्यात धक्का जिरतो. पाठ्यपुस्तकासाठी 'मंदायन', घरात सांगायला 'धक्का जिरवण्याची क्षमता'.

प्रतिसाद १
मान्य. एकच शंका: 'जिरवणे'त मागे रेंगाळण्याचा अर्थ येत नाही.

प्रतिसाद २
नाही येत. पण रुग्णाला जिरण्याचाच उपयोग आहे. रेंगाळण्याचा अर्थ आलेख काढणाऱ्याला लागतो. तोच शब्द दोघांना पुरला पाहिजे असा हट्ट मी धरणार नाही.

'काचबिंदू'बद्दलही एक सांगते. मोतीबिंदूशी यमक जुळल्यामुळे बरेच जण विचारतात, "पिकला की काढू ना?" मोतीबिंदूत भिंग धुरकट होते, शस्त्रक्रियेने नजर परत येते. काचबिंदूत डोळ्याची नस सुकत जाते आणि गेलेली नजर परत येत नाही. नावात 'बिंदू' असला तरी काढून टाकण्याजोगे काही नसते. आईला हे नक्की सांगा, डॉक्टरांनी डोळ्यात घालायचे थेंब दिले तर चुकवू नका म्हणावे.

मूळ प्रश्नकर्ती
काल सांगितले: "तुझा बुबुळावरचा पडदा चांगला आहे. फक्त धक्का थोडा कमी जिरवतो, म्हणून डॉक्टर नसेकडे जास्त लक्ष देणार आहेत." आई म्हणाली, "मग असे आधीच सांगायचे ना." पुढची तारीख तिने स्वतःच कॅलेंडरवर लिहून ठेवली.