हाँगकाँगला दिलेल्या हमीचे काय झाले?

प्रश्न: १९९७ मध्ये हाँगकाँग ब्रिटनकडून चीनकडे सोपवण्यासाठी झालेल्या १९८४ च्या चीन-ब्रिटन करारानुसार तिथली व्यवस्था २०४७ पर्यंत अबाधित राहायची होती, मग ती निम्म्या वाटेवरच कशी कोलमडली?

प्रतिसाद: करार मोडल्याचे बीजिंग मान्यच करत नाही. पण ३० जून २०२० रोजी राष्ट्रीय सुरक्षा कायदा हाँगकाँगच्या विधिमंडळाला वगळून लागू झाला. या विधिमंडळात पूर्वी ७० पैकी ३५ सदस्य थेट निवडून येत, २०२१ पासून ९० पैकी २०.

प्रतिसाद: मला हाँगकाँगमधले व्हिक्टोरिया पार्क अधिक बोलके वाटते. दर ४ जूनला बीजिंगच्या तिआनमेन चौकातील १९८९ च्या लष्करी कारवाईतील मृतांसाठी जिथे हजारो मेणबत्त्या पेटत, तिथे २०२३ पासून त्याच दिवसांत चिनी प्रांतांच्या खाद्यपदार्थांची जत्रा भरते.

प्रश्नकर्ता: आभारी आहे. अर्थात, ब्रिटिशांनीही विधिमंडळाची पहिली थेट निवडणूक १९९१ मध्येच, म्हणजे जाता जाताच घेतली होती.