मदत हवी आहे: डोळ्यांचा रंग बदलायचं इम्प्लांट 'एफडीए अप्रूव्ह्ड' असतं का?

नमस्कार. आम्ही सोलापूरचे, सात रस्त्याजवळ राहतो. धाकटी बहीण २४ वर्षांची, ब्रायडल मेकअप करते. घरात आजी तेवढी घारी, बाकी सगळे काळेभोर. हिला लहानपणापासून आजीचे डोळे हवेत. रंगीत लेन्स लावते, पण लग्नसराईत बारा-बारा तास लावून डोळे लाल होतात. आता इन्स्टावर एक एजंट भेटलाय. परदेशात नेऊन डोळ्यात रंगीत सिलिकॉनची चकती बसवतात म्हणे. "पंधरा मिनिटांचं काम, आवडलं नाही तर काढून टाकू." आम्हाला न विचारता २५ हजार ॲडव्हान्स देऊन बसली आहे.

पुरावा मागितला तर त्याने अमेरिकेच्या एफडीएच्या (औषधं आणि वैद्यकीय उपकरणं मंजूर करणारी सरकारी संस्था) २०१८ च्या मंजुरीची बातमी पाठवली. बातमी खरी दिसते, म्हणूनच गोंधळलोय. भारतात याला परवानगी लागते का? डॉक्टरकडे यायला ती तयार नाही, "ते नाहीच म्हणणार" म्हणते. डोळे एकदम धडधाकट आहेत हो तिचे, सुईत दोरा मी तिच्याकडूनच ओवून घेतो.

प्रतिसाद १ (ऑप्टोमेट्रिस्ट आहे)
दादा, बातमी खरी, वस्तू वेगळी. ३० मे २०१८ ला मंजूर झाली ती कृत्रिम आयरिस. आयरिस म्हणजे बाहुलीभोवतीचा रंगीत पडदा. ज्यांच्या डोळ्यात तो जन्मतःच नाही किंवा इजा होऊन खराब झालाय, त्यांच्यासाठी. नुसत्या रंगासाठी अमेरिकेत एकाही इम्प्लांटला मंजुरी नाही.

एजंटची चकती चांगल्या आयरिसच्या पुढे बसते. तिथे जागा जेमतेम तीन मिलिमीटर. मागे आयरिस घासते, कडेला डोळ्याच्या आतल्या पाण्याचा निचरा होतो ती जाळी दबते, प्रेशर वाढून काचबिंदू होतो. पुढे कॉर्नियाच्या (डोळ्याचा सगळ्यात पुढचा पारदर्शक पडदा) आतल्या थराच्या पेशी मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. म्हणजे चकती निघेल, पेशी येणार नाहीत. काहींना कॉर्निया बदलावा लागलाय.

बारा तास लेन्स हेही चुकतंयच. मापाची आहे का ते तपासून घ्या.

प्रतिसाद २
आपल्याकडे वैद्यकीय उपकरण नियम २०१७ आहेत, १ जानेवारी २०१८ पासून लागू. बाहेरचं इम्प्लांट इथे विकायला सीडीएससीओचा (औषधं-उपकरणांवर देखरेख करणारी केंद्र सरकारची संस्था) आयात परवाना लागतो. कंपनी, मॉडेल आणि परवाना नंबर लेखी मागा. पण ऑपरेशन परदेशात केलं तर हा नियम तिथे पोचत नाही. निस्तरायचं मात्र सोलापुरातच, आणि आत नेमकं काय बसवलंय तेच इथल्या डॉक्टरला माहीत नसणार.

धागाकर्ता
दोघांचेही आभार. एजंटला मॉडेल नंबर विचारला, "मॅडम स्वतः बोलतील" म्हणाला. दोन दिवस झाले, फोन नाही. पेशी परत येत नाहीत हे वाचून बहीण गप्प झाली. लेन्सचं माप तपासायला येते म्हणाली, तेवढंच. २५ हजार यूपीआयने गेलेत, पावती नाही, फक्त चॅट आहे. असे पैसे परत मिळवल्याचा कोणाला अनुभव आहे का?