रिप्रेझेंटेशन = प्रतिनिधित्व? की चित्रण?

खडूफळा:
फिल्म आणि टीव्ही शिकवताना 'रिप्रेझेंटेशन' हा मोठा भाग असतो, म्हणजे पडद्यावर बायका, म्हातारी माणसं, अपंग, गरीब वगैरे कसे दाखवलेत ते मुलांनी उलगडून सांगायचं. वर्कशीट मराठीत करताना मी सरळ लिहिलं, 'या दृश्यातलं स्त्रियांचं प्रतिनिधित्व तपासा'. तर अर्ध्या वर्गाने बायका मोजल्या! 'पाचपैकी तीन स्त्रिया आहेत, प्रतिनिधित्व चांगलं आहे.' संपलं उत्तर. त्या तिघींतल्या दोघी अख्ख्या सीनमध्ये नुसत्या ट्रे घेऊन ये-जा करतात, कॅमेरा एकदाही त्यांच्या चेहऱ्यावर थांबत नाही, हे कोणाला दिसलंच नाही. दुसरा शब्द सुचवा.

कानामात्रा:
चित्रण. इतका साधा शब्द असताना प्रतिनिधित्व कशाला? ते निवडणुकीत.

रिकामटेकडा:
चित्रण म्हटलं की पोरं शूटिंग समजतील.

कानामात्रा:
त्याला चित्रीकरण म्हणतात हो.

रिकामटेकडा:
तुम्ही म्हणता. बातम्यांत रोज 'मोबाइलवर चित्रण केले' असतं.

पूर्णविराम:
शूटिंगचं जाऊ दे, चित्रण घेतलं तर जे दाखवलंच नाही त्याचं काय करणार? न काढलेल्या चित्राचं चित्रण कसं तपासायचं? आणि इथे तर कोण गायब आहे हाच निम्मा प्रश्न असतो. गर्बनर आणि ग्रॉस या माध्यम-अभ्यासकांनी १९७६ मध्ये टीव्हीबद्दल हेच मांडलं होतं, की पडद्यावर नसणं म्हणजे एक प्रकारे पुसून टाकणंच. त्यामुळे मुलांनी मोजलं म्हणून कपाळाला हात लावू नका. सिनेमातल्या बायकांचं स्थान तपासायची ती बेकडेल टेस्ट (१९८५, मुळात एका कॉमिक स्ट्रिपमधली) तरी काय आहे, दोन बायका आहेत का, एकमेकींशी बोलतात का, पुरुष सोडून दुसऱ्या कशाबद्दल बोलतात का. सुरुवात मोजण्यानेच होते, फक्त तिथे थांबायचं नाही.

गॉगलवाली:
जर्मनमध्ये हा घोळच नाही. कोणाच्या तरी वतीने उभं राहणं म्हणजे फरट्रेटुंग, आणि समोर मांडून दाखवणं म्हणजे दार्श्टेलुंग. इंग्रजीत दोन्ही एकाच शब्दात कोंबलेत, त्यावर समीक्षक गायत्री स्पिवाक यांनी १९८८ च्या त्यांच्या गाजलेल्या निबंधात चांगलं बोट ठेवलंय. मराठीत आपल्याकडे आयते दोन शब्द आहेत, प्रतिनिधित्व आणि चित्रण, तर एकच हवा हा हट्ट कशाला? दोन प्रश्न विचारा.

खडूफळा:
पण धड्याच्या मथळ्यात एकच शब्द मावतो ना, आणि एकच पात्र दोन्ही कामं करत असतं तेव्हा? अख्ख्या मालिकेत एकच अपंग पात्र असेल तर ते जे काही करेल ते सगळ्या अपंगांच्या नावावर जमा होतं. तिथे चित्रणाचंच प्रतिनिधित्व होऊन बसतं.

शब्दपिसाट:
'प्रतिरूपण' घ्या. रूप, आणि त्याचं प्रतिरूप. एकदम चपखल.

रिकामटेकडा:
हिंदीत कायद्याच्या भाषेत प्रतिरूपण म्हणजे तोतयेगिरी. मस्त धडा होईल.

शब्दपिसाट:
हिंदीचं हिंदीपाशी ठेवा, मराठीवर त्याचं ओझं कशाला? बाकी प्रतिनिधी शब्दही वाटतो तितका सरकारी नाही बरं का. प्रति + नि + धा, म्हणजे एकाच्या जागी दुसरं ठेवणं. मीमांसेत, म्हणजे वैदिक विधींचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रात, यज्ञासाठी सांगितलेलं द्रव्य मिळालं नाही की त्याजागी जे वापरायचं ते प्रतिनिधी, सोम वनस्पती नसेल तर पूतिक नावाची दुसरी. म्हणजे पडद्यावरची बाई ही खरी बाई नव्हे, तिच्या जागी ठेवलेलं काहीतरी, हा अर्थ शब्दात आधीपासूनच आहे. मुलांना एवढं सांगितलं तरी काम होतं.

रिकामटेकडा:
एका वर्कशीटसाठी मीमांसा! अहो, देवनागरीत 'रिप्रेझेंटेशन' लिहा आणि मोकळे व्हा. क्लोजअप, कट, सीन चालतात, मग यानेच काय घोडं मारलंय?

कानामात्रा:
क्लोजअप ही वस्तू आहे, दिसते. ही संकल्पना आहे, ती आपल्या भाषेत कळली नाही तर नुसती घोकली जाते.

गॉगलवाली:
शब्द कुठलाही ठेवा, आमच्याकडे एक युक्ती चालते. पात्रांची अदलाबदल करायची. ट्रे घेऊन येणारा पुरुष असता आणि सोफ्यावर बाई, तर सीन विनोदी वाटला असता का? मुलं हसली की विचारायचं, का हसलात. तिथून सगळे साचे, म्हणजे स्टिरिओटाइप, बाहेर पडतात.

शब्दपिसाट:
साचा नको, 'ठसा' म्हणा. स्टिरिओटाइप हा मूळचा छापखान्यातला शब्द, अक्षरांचा एकसंध ओतीव पत्रा, माणसांबद्दलच्या पक्क्या समजुतींसाठी तो अमेरिकन पत्रकार लिपमनने १९२२ मध्ये रूढ केला.

कानामात्रा:
ओतीव म्हणजे साच्यातूनच आला ना! आणि ठसा चांगलाही असतो, 'अभिनयाचा ठसा उमटवला' म्हणतो की आपण.

पूर्णविराम:
मराठीत 'ठोकळेबाज' आहे की सरळ.

कानामात्रा:
ठोकळेबाज म्हणजे कंटाळवाणं, तेच तेच. साचेबद्ध पात्र अजिबात कंटाळवाणं नसू शकतं, उलट लोकांना ते फार आवडतं, तीच तर गोची आहे.

शब्दपिसाट:
मग 'छापाचं' पात्र म्हणा. साचा कुंभाराकडेही असतो, छाप नाही.